गळण्याआधी कापलेलं शिंग

फार पूर्वी काशीदेशात सुयाम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सांबराच्या योनीत जन्माला आले होते. राजधानी मागे टाकून माणूस नीट चालला तर दुसऱ्या दिवशी उन्हं कलता कलता एका डोंगराच्या पायथ्याशी पोचे. तिथं एक झरा होता, झऱ्याचं पाणी साठून झालेला डोह होता आणि त्या डोहाच्या आधारानं बोधिसत्त्वांचा कळप राहत असे. बोधिसत्त्व अंगानं थोराड होते. डोक्यावरची शिंगं तर अशी की ते पाणी प्यायला वाकले म्हणजे झाडच वाकल्यासारखं वाटावं. स्वभावानं मात्र अगदी गरीब गाय! पाडसं त्यांच्या पाठीवर नाक घासून खाज भागवत आणि ते मुकाट उभे राहत.

त्याच वेळी राजधानीत मुठकरांची एक आळी होती. सुऱ्याचाकूंची पाती लोहार घडवत आणि ही माणसं त्यांना मुठी बसवत, म्हणून मुठकर. म्हशीचं शिंग, बैलाचं हाड, सांबराचं शिंग हा त्यांचा माल. हाडाशिंगांचा धंदा म्हटला की कुणीही नाक मुरडेल. पण या आळीचा एक नियम होता आणि तो ते जिवापाड पाळत. म्हशीबैलाचं घ्यायचं ते आपल्या मरणानं मेलेल्याचं. सांबराचं तर फक्त गळालेलं शिंग घ्यायचं. सांबराची शिंगं दरवर्षी चैत्राच्या सुमाराला आपोआप गळून पडतात आणि पुढं पावसाळ्यात नवी येतात. गळालेल्या शिंगाच्या बुडाशी एक खरबरीत कडं असतं आणि कड्याच्या खाली थोडा फुगवटा. सांबर मारून किंवा करवतीनं कापून आणलेल्या शिंगाला तो फुगवटा नसतो. म्हणून मुठकर ते कडं आणि फुगवटा घासून काढत नसत, मुठीच्या टोकाला तसंच राखत. गिऱ्हाईकसुद्धा सुरी हातात घेतली की आधी उलटी करून कडं बघे आणि मग धार बघे.

काम सुरू करताना मुठकर ते कडं कपाळाला लावत आणि रानातल्या त्या न पाहिलेल्या जनावराला मनातल्या मनात सांगत, "तू टाकलंस, मी उचललं." एवढं म्हटल्याशिवाय कुणी शिंगाला कानस लावत नसे.

या आळीत सोमिल नावाचा मुठकर राहत होता. हाताचा मोठा गुणी. त्याची मूठ धरली की ती आपल्याच हाताच्या मापानं केलेली आहे असं ज्याला त्याला वाटे. माणूस म्हणूनही तो वाईट नव्हता हो! एकच खोड होती, त्याला कौतुक फार लागायचं. बायको भाकरी वाढायला आली तर तो आधी विचारणार, "काल केलेली मूठ बघितलीस का?" ती बिचारी रोज सांगायची, "बघितली, छान झालीय, आता जेवा."

दर चैत्रात सोमिल मिठाचे खडे घेऊन त्या झऱ्यावर जाई. डोहाच्या काठी एक सपाट खडक होता. त्यावर मीठ ठेवी आणि झाडीत पडलेली शिंगं गोळा करी. बोधिसत्त्वांनी त्याला बरीच वर्षं लांबून पाहिलं. याच्या खांद्याला धनुष्य नाही, मागे कुत्रा नाही आणि पाडस दिसलं तर हा आपणच बाजूला होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग एका चैत्रात ते त्याच्यासमोर येऊन उभे राहिले आणि माणसाच्या वाणीनं म्हणाले, "भिऊ नकोस. मीठ चांगलं असतं तुझं."

सोमिल आधी गडबडला, मग हसला. तेव्हापासून त्यांचा स्नेह जडला. सोमिल त्यांना दादा म्हणू लागला आणि बोधिसत्त्व आपली शिंगं दरवर्षी त्या खडकाशेजारीच टाकू लागले. ते म्हणत, "माझ्या डोक्यावरचं ओझं उतरतं आणि तुझी चूल पेटते. बरं आहे की!"

कळपात एक म्हातारी सांबरी होती. सगळी तिला आजी म्हणत. तिला हे फारसं रुचत नसे. "माणूस आहे तो," ती म्हणे. "चांगला असेल, पण माणूस आहे." 

असं चाललं असताना एका माघ महिन्यात राजवाड्याचा भांडारी, पिंगल त्याचं नाव, सोमिलाच्या दारात आला. माघी पुनवेला राजाकडे उत्सव होता. त्यासाठी दूरच्या देशाचा एक पाहुणा राजा येणार होता आणि त्याला भेट द्यायला सुयाम राजाला एक सुरी हवी होती. पातं तयार होतं. मूठ सांबरशिंगाची हवी होती, एकाच शिंगाची, जाड, बिनजोड.

खरं तर तेव्हाच सोमिलानं हात जोडून सांगायचं की गेल्या चैत्रातला माल सरला, नवी शिंगं गळायला अजून अवकाश आहे. आळीत कुणाकडेच तेवढं जाड शिंग उरलं नव्हतं. पण पिंगल म्हणाला, "जमत असेल तर बोल. सगळ्या आळीत तुझंच नाव पुढं आलं म्हणून तुझ्याकडे आलो." आपलं नाव पुढं आलं, हे ऐकल्यावर सोमिल कसला नाही म्हणतोय! "जमेल," तो म्हणाला. ते 'जमेल' तोंडातून आधी गेलं आणि अक्कल मागून आली.

दुसऱ्याच दिवशी तो झऱ्याकडे निघाला. अवेळी आलेला बघून बोधिसत्त्व समोर आले.

"दादा, फशी पडलो रे," सोमिल म्हणाला आणि सगळं सांगून बसला.

"चैत्रापर्यंत थांबायला सांग राजाला."

"राजा थांबतो होय? मी नाही दिलं तर दुसरा कुणी देईल. आणि तो दुसरा कुठून आणेल कोण जाणे."

हे शेवटचं बोलणं खोटं नव्हतं, पण सोमिल त्या काळजीपोटी आला नव्हता. बोधिसत्त्वांना तेही कळलं. तरी ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "शिंगं आता वाळून टणक झालीत. कापली तर मला दुखायचं नाही, नखं कापल्यासारखंच. करवत आणलीयस?"

सोमिलानं मान खाली घातली. करवत त्याच्या पडशीत होती.

तेवढ्यात आजी पुढं आली. "अरे, तुला वेड लागलंय का? खाली रानात कोळसुंदे फिरताहेत. शिंगांवाचून तू त्यांना अडवणार कसा?"

आजीचं म्हणणं खरं होतं. कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे. टोळीनं येतात आणि पाडसं धरतात. बोधिसत्त्व दरवर्षी शिंगं गळायच्या आधी कळपाला वरच्या पठारावर पोचवत आणि मग एकटेच खाली येऊन शिंगं टाकत. तिथं चढून यायला एकच अरुंद वाट होती, म्हणून तिथं भीती नसे. पण माघात पठारावर चारा नसतो, चैत्राच्या तोंडावर पालवी फुटली की मगच तो मिळतो. पाडसांना अजून झऱ्यापाशीच राहणं भाग होतं.

बोधिसत्त्व सोमिलाला म्हणाले, "कोळसुंद्यांना धूर आवडत नाही आणि माणसाचा वास आवडत नाही. तू शिंगं घेऊन जा, तुझी सुरी देऊन ये, आणि मग कळप वर चढेपर्यंत इथं माझ्याजवळ राहा. रोज धुनी पेटव. तू असलास की मला शिंगं नसली तरी चालतील."

"पुनवेच्या आत येतो, दादा," सोमिल म्हणाला. "सुरी हातात दिली की वाड्यात पाणीसुद्धा पिणार नाही. तसाच मागं फिरतो."

"तो यायचा नाही," आजी म्हणाली.

"येईल," बोधिसत्त्व म्हणाले आणि त्यांनी आपलं डोकं त्या सपाट खडकावर टेकवलं.

सोमिल करवत चालवू लागला. शिंग कापताना केस जळल्यासारखा वास सुटतो. आयुष्यभर त्या वासात वावरलेल्या सोमिलाला त्या दिवशी तो सोसवेना. बोधिसत्त्व डोळे मिटून स्वस्थ पडून होते, एकदाच म्हणाले, "सावकाश, हात कापशील." दोन्ही शिंगं सुटली. त्यांची कडी मात्र खाली, बोधिसत्त्वांच्या डोक्यावरच राहिली, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यासारख्या दोन आखूड खुंटांना धरून.

सोमिलानं सवयीनं शिंग कपाळाशी नेलं. "तू टाकलंस..." तो म्हणाला आणि थांबला. पुढचं त्याच्यानं म्हणवलं नाही.

"काय झालं?" बोधिसत्त्वांनी विचारलं.

"काही नाही दादा," म्हणत त्यानं शिंगं पडशीत घातली.

घरी येऊन त्यानं जी मूठ केली तशी मूठ त्या आळीत आधी कुणी केली नव्हती. शिंगाचा आतला मऊ गाभा कोरून काढला, त्यात तापवलेली लाख ओतली, पात्याची मागची कांब लाखेत रोवली. वरच्या उभ्या खाचा राखून बाकी अंग वाळूनं घासलं आणि शेवटी खरवतीच्या झाडाच्या खरखरीत पानानं घासून घासून असं गुळगुळीत केलं की त्यात दिव्याची ज्योत दिसावी. राजवाड्यात पिंगलानं ती हातात घेतली आणि सगळे घेतात तशी उलटी केली.

"कडं कुठंय?"

"महाराजांच्या हाताला खरबरीत लागू नये म्हणून काढलं," सोमिल म्हणाला. खोटं बोलायला त्याला जरासुद्धा वेळ लागला नाही.

राजानं सुरी पाहिली आणि तो सिंहासनावरून उठून उभा राहिला. भल्या भल्या कारागिरांसाठी न उठणारा राजा मुठकरासाठी उठला! "पाहुणे येईपर्यंत हा आमच्याजवळ राहू दे," तो पिंगलाला म्हणाला. "घडवणारा हात त्यांना दाखवायचा आहे."

आता बघा, राजा सज्जन होता. सोमिलानं "मला जायला हवं" एवढं म्हटलं असतं तर राजानं त्याला घोडं दिलं असतं. पण सोमिल म्हणाला नाही. त्याला गादी मिळाली, त्याच्या भोवती माणसं जमली, सुरी या हातातून त्या हातात फिरू लागली आणि जो तो म्हणू लागला, "वा! वा रे हात!" रोज संध्याकाळी वाड्याच्या स्वयंपाकघरावर धूर चढे आणि तो बघून सोमिलाला कबूल केलेली धुनी आठवे. उद्या निघू, तो स्वतःला सांगे. दादाला इतकी वर्षं काही झालं नाही, एक-दोन दिवसांनी काय होणार आहे? मग कुणीतरी मूठ हातात घेऊन त्याच्याशेजारी येऊन बसे आणि धूर तसाच विरून जाई.

पुनव आली. पाहुणा राजा आला, त्यानं सुरी कपाळाला लावली, सोमिलाला मिठी मारली. पुनव गेली. उत्सव संपला, सेवक माळा उतरवू लागले, वाड्यात कुणाला सोमिलाची आठवण राहिली नाही, तेव्हा तो निघाला.

वाटेत तो धावलासुद्धा. ज्यानं आधी यायचं तो मागून धावतो, तसलं ते धावणं.

झऱ्याजवळ पोचला तेव्हा पाखरंसुद्धा गप्प होती. डोहाचं पाणी गढूळ झालं होतं, काठचा चिखल पायांनी तुडवला गेला होता. बोधिसत्त्व अर्धे पाण्यात आणि अर्धे त्या सपाट खडकावर पडले होते. आदल्या रात्री कोळसुंद्यांची टोळी आली होती. बोधिसत्त्वांनी पाडसांना मागच्या कपारीत घातलं, आपण डोहात उभे राहून वाट अडवली आणि उजाडेपर्यंत अडवून धरली. ज्या डोक्याच्या एका झटक्यानं कोळसुंदा लांब फेकला गेला असता, ते डोकं नुसतं आपटत राहिले. टोळी अखेर कंटाळून निघून गेली. पाडस एकही गेलं नाही. पण बोधिसत्त्वांच्या अंगावर धड जागा उरली नव्हती.

 बोधिसत्त्वांनी डोळे उघडले.

"आलास? बस," ते म्हणाले. "दमला असशील."

सोमिल बसला नाही, कोसळला. "दादा, मला शिव्या घाल. मला काहीतरी बोल रे. मी पुनवेच्या आत येतो म्हणालो होतो, मी तिथं..." 

 बोधिसत्त्वांनी विचारलं, "मूठ चांगली झाली का?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोमिल तो उराशी धरून पुढचं आयुष्य काढू शकला असता. त्यांना खरोखरच ऐकायचं होतं.

"झाली," सोमिल म्हणाला.

"हाताला बसते ना?"

"बसते, दादा."

"मग ठीक झालं," असं म्हणून बोधिसत्त्वांनी डोकं खडकावर टेकवलं, शिंगं कापायला टेकवलं होतं तसंच, आणि प्राण सोडला.

आजी कपारीतून बाहेर आली. ती बोधिसत्त्वांजवळ गेली, त्यांना हुंगून तशीच उभी राहिली. सोमिल तिच्या बोलण्याची वाट बघत होता. मी सांगितलं नव्हतं का, असं तिनं म्हणावं असं त्याला फार वाटत होतं. ती म्हणाली, "आता धूर कर. पाडसं अजून खालीच आहेत."

सोमिलानं धुनी पेटवली. पठारावर पालवी फुटून कळप वर चढेपर्यंत तो तिथून हलला नाही. कळपाबाहेर एकटे हिंडणाऱ्या इतर नरांची शिंगं चैत्रात गळू लागली, कधी या झुडपात तर कधी त्या. बोधिसत्त्वांच्या डोक्यावरचे दोन खुंट मात्र कड्यासकट तसेच राहिले. मेलेल्याची शिंगं गळत नाहीत. मुठकराच्या घरात जन्मलेल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. तरी सोमिल रोज सकाळी जाऊन बघायचा.

पुढं तो राजाकडे गेला, त्यानं सगळं सांगितलं आणि सुरी परत मागितली. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी दिली असती रे," तो म्हणाला, "पण ती पाहुण्यांबरोबर गेली. आता कुठल्या देशात, कुणाच्या हातात असेल, मला तरी कुठं ठाऊक?" एव्हाना नगरातले लोक म्हणू लागले होते की राजाच्या सुरीला कडं नव्हतं, मग आपल्याला कशाला हवं, आणि गिऱ्हाइकं सुरी उलटी करून बघायची थांबली होती. सोमिलानं आळीत घरोघर जाऊन आपली करणी सांगितली. काहींनी ऐकलं, काहींनी दार लावून घेतलं. त्यानं पुन्हा मूठ केली नाही. मरेपर्यंत दर माघात तो झऱ्यावर जाई, मीठ ठेवी आणि कळप वर चढेपर्यंत धुनी राखी. नव्या पाडसांना यातलं काही माहीत नव्हतं. ती मीठ चाटायला येत.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली, ती धनिल नावाच्या भिक्षूसमोर. हा धनिल चीवरं, म्हणजे भिक्षूंची वस्त्रं, कापण्याशिवण्यात निष्णात होता. त्याचे वृद्ध गुरू, स्थविर सुदंत, आजारी पडले होते. त्यांचं औषध आणायला तो शेजारच्या नगरात गेला आणि तिथल्या एका गृहस्थानं त्याच्या शिवणीची तोंडभर स्तुती केली म्हणून चार भिक्षूंची चीवरं शिवत तिथंच रमला. परत आला तेव्हा स्थविर गेले होते. सुदंतांनी आपल्या बिछान्याशेजारी एक चटई अंथरून घेतली होती आणि ते शेवटपर्यंत जवळच्या भिक्षूंना सांगत होते, "ती गुंडाळू नका. धनिल येईल, दमून येईल." हे कळल्यापासून धनिल त्या कुटीच्या उंबऱ्याबाहेर बसून होता. आत पाऊल टाकायचं धाडस त्याला होत नव्हतं.

शास्ते म्हणाले, "धनिल, तू उशिरा पोचलास तो काही आताच नाही, तेव्हाही तसाच पोचला होतास. त्या जन्मीचा सोमिल तूच. तुझी स्तुती करणारा गृहस्थ तेव्हा भांडारी पिंगल होता. राजा सुयाम आज या विहाराचा म्हातारा द्वारपाल आहे. ते सांबर मीच होतो."

"आणि आजी, भंते?" धनिलानं विचारलं.

"आजी म्हणजे सुदंत," शास्ते म्हणाले. "त्या जन्मी ते म्हणाले होते, तो यायचा नाही, आणि तू वेळेवर आला नाहीस. त्यांचं बोलणं खरं ठरलं. या जन्मी शेवटच्या श्वासापर्यंत ते म्हणत राहिले, तो येईल. इतक्या जन्मांत ते एवढं शिकले. तू आलास धनिल, उशिरा आलास, पण आलास. चटई अजून घातलेली आहे. आत जा, बस."

धनिल आत गेला आणि त्या चटईवर बसून लहान मुलासारखा रडला. त्या दिवशी त्याला मुक्तिमार्गाचं कुठलंही फळ प्राप्त झालं नाही. पण शेजारच्या कुटीत एक भिक्षू तापानं कण्हत होता. ते कण्हणं कानावर आलं तसा तो उठला, पाण्याची घागर घेतली आणि तिकडे गेला.

बोधिसत्त्वांनी त्या जन्मी जिचं आचरण केलं, ती क्षांती, म्हणजे न रागावता सोसणं.